दोन बिल्डच्या मधली एक ओळ

जेन्किन्सच्या पडद्यावर बिल्डची रांग लागलेली असते. सगळ्यात वर ४१२, त्याखाली ४११, मग ४१०. प्रत्येक आकड्याशेजारी पास-नापासाची रंगीत खूण. समजा ४११ पास झाला आणि ४१२ लाल झाला. ४१२ वर क्लिक करून 'चेंजेस' उघडलं की तीन नोंदी दिसतात. एकाने व्याजाच्या हिशोबात नवी अट घातली आहे, दुसरीने एका बटणाचं नाव बदललं आहे, तिसऱ्याने वापरात नसलेली फाइल काढून टाकली आहे. नोंद उघडली की कोणत्या फाइलमधली कुठली ओळ गेली आणि तिच्या जागी काय आलं, तेही समोर. पाच-सात लाख ओळींच्या कोडमधून संशयाची जागा पंचवीस-तीस ओळींवर आली, आणि त्यासाठी कुणाला फोनही करावा लागला नाही.

रोज हे पान उघडणाऱ्यांना त्याचं काही वाटेनासं होतं, आणि ते साहजिक आहे. मला मात्र त्या पानाचा अचंबा अजून वाटतो, कारण ते कुणी लिहिलेलं नसतं. व्याजाची अट घालणाऱ्याने एका ओळीचा संदेश लिहिला असेल. पण 'मी ही ओळ काढली, ही घातली' अशी नोंद त्याने कुठेच केलेली नाही. ज्या गिटमध्ये त्याने आपलं काम जमा केलं, त्या गिटच्या पोटातही 'बदल' नावाची वस्तू नाही. तिथे फक्त अवस्था आहेत: कोड अमुक क्षणी पूर्णपणे कसा होता, एवढंच. बदल विचारावा लागतो, आणि विचारला की तो मोजून काढला जातो. दोन बिल्डच्या मधे काय घडलं हे कळण्यातली सगळी जादू या एका निवडीतून येते, आणि अडचणीही तिथूनच येतात.

बिल्ड म्हणजे माणसांनी लिहिलेला कोड गोळा करून त्यातून यंत्राला चालवता येईल असा प्रोग्रॅम घडवणं आणि तो टेस्टमधून काढणं. पूर्वी हे महिनोन्महिन्यांनी एकदा व्हायचं. जो तो आपापल्या कोपऱ्यात कोड लिहायचा आणि शेवटी सगळ्यांचे तुकडे जोडताना आठवडेच्या आठवडे जायचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक यांनी क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर उलटा नियम लावला: जोडणं त्रासाचं आहे ना, मग ते रोज करा, दिवसातून अनेकदा करा. २००० मध्ये मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीवर लेख लिहिला आणि 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' हे नाव रुळलं. २००१ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीतून क्रूझकंट्रोल नावाचं साधन बाहेर आलं. कुणी कोड जमा केला की एका वेगळ्या यंत्राने तो उचलायचा, कोऱ्या जागेत बिल्ड करायचा आणि निकाल सगळ्यांना सांगायचा, एवढं त्याचं काम.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणारे जपानी अभियंते कोहसुके कावागुची यांनी २००४ च्या सुमारास हडसन नावाचं असंच एक साधन लिहायला घेतलं. आपल्या कोडमुळे बिल्ड तुटतो आणि सहकाऱ्यांची नाराजी ओढवते, त्यातून सुटका हवी होती. पुढे ओरॅकलने सन विकत घेतली, नावाच्या मालकीवरून वाद झाला आणि २०११ मध्ये हडसनचं बारसं पुन्हा होऊन तो जेन्किन्स झाला. जेन्किन्समध्ये कितीतरी वर्षं पास झालेल्या बिल्डची खूण हिरवी नसून निळी असायची, कारण जपानमध्ये सिग्नलचा 'जा' म्हणणारा दिवा निळाच मानतात.

आता गिट. २००५ च्या वसंतात लिनक्सचा कर्नल लिहिणाऱ्यांच्या हातातून बिटकीपर हे कोडचा इतिहास सांभाळणारं साधन गेलं, कारण त्याची फुकट वापराची परवानगी काढून घेतली गेली. लिनस टोरवाल्ड्स यांनी थोड्याच दिवसांत स्वतःचं साधन लिहिलं आणि ७ एप्रिल २००५ रोजी गिटचा पहिला कमिट खुद्द गिटमध्येच जमा केला.

एखादा कमिट उघडून आत काय आहे ते पाहण्यासारखं असतं. सगळा मिळून पाच-सहा ओळींचा ऐवज. पहिल्या ओळीत 'ट्री' म्हणजे त्या क्षणीच्या संपूर्ण फाइल-पसाऱ्याचं नाव. दुसऱ्या ओळीत 'पेरेंट', म्हणजे आधीच्या कमिटचं नाव. मग लेखकाची ओळ: नाव, ई-मेल, १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद, आणि शेवटी त्याच्या घड्याळाचा ग्रिनिचपासूनचा फरक. पुण्यात किंवा पणजीत बसून, भारतीय वेळेवर लावलेल्या संगणकावरून केलेल्या प्रत्येक कमिटमध्ये इथे +०५३० असं कोरलं जातं आणि ते कायम राहतं. मग जमा करणाऱ्याची तशीच ओळ, एक रिकामी ओळ, आणि संदेश. संपलं. काय काढलं, काय घातलं याचा त्यात मागमूस नाही.

आपल्याकडे जमिनीच्या कागदांची रीत बरोबर याच्या उलट आहे. गाव नमुना सहामध्ये प्रत्येक फेरफार नोंदवला जातो, त्याला क्रमांक पडतो आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. आजचा सातबारा हा त्या सगळ्या फेरफारांचा निकाल असतो. गिटमध्ये फेरफाराची वहीच नाही. प्रत्येक कमिटच्या वेळी जणू संपूर्ण गावाचे सगळे सातबारे नव्याने ठेवून दिले जातात आणि फेरफार हवा असेल त्याने कालचे आणि आजचे उतारे शेजारी ठेवून तो काढायचा.

एवढे उतारे मावतात कसे आणि शोधायला वेळ कसा लागत नाही? इथे खरी करामत आहे. गिटमध्ये प्रत्येक वस्तूचं नाव तिच्या मजकुरातूनच काढलेलं असतं. फाइलचा मजकूर एसएचए-१ नावाच्या गणिती चरकातून काढला की १६० बिटांची, म्हणजे सोळाच्या मोजणीतली ४० अक्षरांची एक संख्या मिळते, तिला हॅश म्हणतात. तेच त्या मजकुराचं नाव. मजकुरात एक स्वल्पविराम बदला, नाव ओळखू येणार नाही इतकं बदलतं. आणि मजकूर तोच असेल तर नाव तेच, मग तो कुणीही, कुठेही, कधीही लिहिलेला असो. ज्या फाइलमध्ये काहीच नाही, त्या रिकाम्या फाइलचं नाव ई, ६, ९, डी, ई, २, ९ असं सुरू होतं. एसएचए-१ वर चालणाऱ्या जगातल्या प्रत्येक गिट साठ्यात, हिंजवडीत असो की हेलसिंकीत, रिकाम्या फाइलचं नाव हेच. कुणी कुणाला विचारलेलं नाही, कुणी क्रमांक वाटून दिलेले नाहीत.

म्हणून न बदललेली फाइल पुन्हा ठेवावी लागत नाही. तिचं नाव आधीच साठ्यात आहे. फोल्डरचंही तसंच. फोल्डर म्हणजे आतल्या वस्तूंच्या नावांची यादी, आणि त्या यादीचाही हॅश काढून फोल्डरला नाव मिळतं. त्यावरच्या फोल्डरला त्याच्या यादीतून. असं करत करत सगळ्या प्रकल्पाला मिळून एकच नाव उरतं. राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये अशा हॅशच्या झाडाची कल्पना मांडली होती. लिनक्स कर्नलमध्ये सत्तर हजारांहून जास्त फाइल आहेत. दोन कमिटची तुलना करताना गिट वरून सुरू करतो. 'साउंड' फोल्डरचं नाव दोन्हीकडे सारखं? मग आत डोकावायची गरजच नाही, हजारो फाइल एका नजरेत बाद. जिथे नाव वेगळं, तिथेच आत शिरायचं. अशी वाट काढत तो क्षणार्धात नेमक्या बदललेल्या फाइलपाशी येतो. (डिस्कवरची जागा वाचवायला गिट पुढे सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकमेकींच्या आधाराने दाबून ठेवतो, पण ती फक्त साठवणुकीची सोय, इतिहासाशी तिचा संबंध नाही.)

२०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेतल्या आणि गूगलच्या संशोधकांनी एसएचए-१ चा एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइल घडवून दाखवल्या. तेव्हापासून गिटमध्ये अशी बनवाबनवी ओळखणारा पहारा बसला आणि एसएचए-२५६ कडे जाण्याचं कामही सुरू झालं.

फाइल सापडली. आता ओळी. दोन फाइल शेजारी ठेवून 'काय बदललं' हे सांगणं माणसाला सोपं वाटतं, यंत्राला ते शिकवावं लागलं. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकइलरॉय यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्ससाठी 'डिफ' लिहिला, आणि १९७६ मध्ये जेम्स हंट यांच्यासह त्यामागची रीत प्रसिद्ध केली. कल्पना अशी: दोन्ही फाइलमध्ये त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची सर्वांत लांब मालिका शोधा. त्या मालिकेत नसलेली जुनी ओळ 'गेली', नसलेली नवी ओळ 'आली'. १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी हेच काम फार वेगाने करणारी रीत दिली. फरक जितका कमी तितकं उत्तर लवकर, हा तिचा गुण. रोजच्या कोडमध्ये फरक थोडेच असतात, म्हणून ती इतकी उपयोगी पडली. गिट आजही आपणहून हीच रीत वापरतो.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डिफ जे दाखवतो ते माणसाने केलेलं काम नसतं. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जायचा तो सर्वांत छोटा रस्ता असतो. एखादीने पूर्ण फंक्शन खोडून पुन्हा लिहिलं आणि शेवटी दोनच ओळी वेगळ्या निघाल्या, तर डिफला दोनच ओळी दिसतात. फाइलचं नाव बदलल्याचीही गिटमध्ये नोंद नसते. एक फाइल नाहीशी झाली, दुसरी उगवली, आणि दोघींत निम्म्याहून जास्त साम्य आहे, तेव्हा हीच ती असावी, असा तो अंदाज बांधतो. 'चेंजेस' पानावरची प्रत्येक नोंद हा असा, फार चांगला पण अखेर अंदाजच असतो.

कमिट आणि कमिट यांची तुलना झाली. पण बिल्ड आणि बिल्ड? जेन्किन्स प्रत्येक बिल्डबरोबर लिहून ठेवतो की हा बिल्ड कोणत्या कमिटवरून घडला. पुढचा बिल्ड सुरू झाला की तो मागच्याचं नाव काढतो आणि गिटला विचारतो: या नव्या कमिटपासून मागे मागे जात पोचता येतात, पण त्या जुन्यापासून पोचता येत नाहीत, असे कमिट कोणते? प्रश्नाची मांडणी बघा. त्यात तारीख कुठेही नाही. एखाद्या ब्रँचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या फाट्यावर, तीन आठवड्यांपूर्वी केलेला कमिट आज मुख्य कोडमध्ये मर्ज झाला असेल, तर तो आजच्या बिल्डच्या यादीत येतो आणि यायलाच हवा, कारण या बिल्डच्या दृष्टीने तो आजच आला. गिटच्या आधीच्या सीव्हीएस या साधनाच्या जमान्यात हे असं नव्हतं. तिथे प्रत्येक फाइलचा इतिहास वेगळा असायचा, अनेक फाइलचा मिळून एक कमिट ही चीजच नव्हती. त्यामुळे क्रूझकंट्रोलसारख्या साधनांना 'अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत काय आलं' असं घड्याळ लावून विचारावं लागे, आणि कुणी अर्धवट जमा करत असेल या भीतीने थोडा वेळ शांतता होण्याची वाट पाहावी लागे. घड्याळाच्या जागी नातं आलं, ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी सुधारणा, आणि तिचं कौतुक फार कमी झालं आहे.

मग येतो तो गुंता: मागचा बिल्ड म्हणजे नक्की कोणता? ४१२ तुटला, व्याजाच्या अटीमुळे. ती दुरुस्त होण्याआधीच कुणीतरी एक स्पेलिंग सुधारलं आणि ४१३ सुरू झाला. तोही लाल. ४१३ च्या पानावर एकच नोंद, स्पेलिंगवाल्याची. नवखा माणूस त्यालाच धरतो. म्हणून जेन्किन्स दोन नावं वेगवेगळी सांभाळतो, मागच्या बिल्डचा कमिट आणि मागच्या यशस्वी बिल्डचा कमिट. लाल बिल्डची मालिका लांबत गेली की शेवटच्या चांगल्या बिल्डनंतर ज्यांनी ज्यांनी कोड जमा केला त्या सगळ्यांची यादी तो पुढे नेत राहतो. बिल्ड लाल ठेवून घरी जाऊ नये या शिरस्त्याचं महत्त्व इथे कळतं. तासागणिक संशयितांची यादी वाढते आणि निर्दोष माणसं तिच्यात अडकत जातात.

आणखी दोन ठिकाणी ही साखळी तुटते. कुणी ब्रँचचा इतिहास नव्याने लिहून जबरदस्तीने पुश केला, तर मागच्या बिल्डचा कमिट त्या ब्रँचच्या इतिहासातून गायब होतो, आणि तुलनेला उभं राहायला जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे वेळ वाचवण्यासाठी अनेक यंत्रणा इतिहास आणतच नाहीत. गिटहब ॲक्शन्समधली कोड उचलण्याची नेहमीची पायरी आपणहून फक्त शेवटचा एक कमिट आणते. अशा जागी 'मागच्या बिल्डपासून काय बदललं' असं विचारलं की उत्तर येत नाही. मागचं काही तिथे नाहीच. त्यासाठी पूर्ण इतिहास मुद्दाम मागवावा लागतो.

यादी तीन कमिटची असेल तर डोळ्यांनी भागतं. तीनशेंची असेल तर? लिनक्सची नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि दरवेळी तिच्यात दहा हजारांहून जास्त कमिट असतात. जुन्या आवृत्तीत वायफाय चालत होतं, नवीत बंद पडलं. इथे 'गिट बायसेक्ट' कामाला येतं. चांगला कमिट सांगा, वाईट कमिट सांगा. गिट मधला काढून देतो. तो बिल्ड करा, तपासा. चालला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही चालला तर मागच्या अर्ध्यात. पुन्हा मधला. दहा हजार कमिट चौदा तपासण्यांत एकावर येतात. एक लाख असते तरी सतराच लागल्या असत्या. आणि ही तपासणी एखाद्या स्क्रिप्टवर सोपवली तर गिट रात्रभर स्वतःच बिल्ड करत, तपासत, अर्धं अर्धं करत जातो. स्क्रिप्टने शून्य सांगितलं तर चांगलं, १२५ सांगितलं तर 'हा बिल्डच होत नाही, दुसरा दे', बाकी १२७ पर्यंत काहीही सांगितलं तर वाईट. इंटेलचा एक रोबो कर्नलसाठी दिवसरात्र हेच करतो: कोड येतो, बिल्ड होतो, तुटला तर दोषी कमिट अशाच रीतीने शोधला जातो आणि ज्याने तो लिहिला त्याला पत्र जातं, अनेकदा कोड मुख्य साठ्यात पोचण्याआधीच.

हे सगळं एका गृहीतावर उभं आहे: तीच टेस्ट त्याच कोडवर दरवेळी तेच सांगेल. ते नेहमी खरं नसतं. काही टेस्ट लहरी असतात, इंग्रजीत त्यांना 'फ्लेकी' म्हणतात. नेटवर्क जरा मंदावलं, दोन कामांचा क्रम उलटला की नापास. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा आहे. अर्ध्याअर्ध्याच्या खेळात एक खोटं उत्तर मिळालं तर पुढची सगळी वाट चुकते, आणि शेवटी जो कमिट हाती लागतो तो पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचा असतो.

आणि कमिटच्या पलीकडे? आंद्रेआस झेलर या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये एका शोधनिबंधात 'काल माझा प्रोग्रॅम चालत होता, आज चालत नाही, का?' हाच प्रश्न शीर्षकात घातला. झेलर डीडीडी नावाच्या साधनाचे एक कर्ते होते. जीडीबी हा दोष शोधायचा प्रोग्रॅम आणि डीडीडी त्याचा दर्शनी चेहरा. जीडीबीची ४.१७ आवृत्ती आली आणि डीडीडी बिघडला; चालवायच्या प्रोग्रॅमला द्यायची माहिती नीट जाईना. ४.१६ आणि ४.१७ यांच्यामध्ये १,७८,००० ओळी बदललेल्या होत्या आणि कमिटचा इतिहास हाताशी नव्हता. झेलर यांनी त्या सगळ्या फरकाचे ८,७२१ तुकडे केले आणि एक रीत बसवली: काही तुकडे लावा, काही काढा, बिल्ड करा, तपासा, जे नको ते टाका, असं करत दोष घडवणारा सर्वांत छोटा संच उरेपर्यंत जा. तिला 'डेल्टा डिबगिंग' म्हणतात. तुकडे एकमेकांवर अवलंबून असतात, कितीतरी जुळण्या बिल्डच होत नाहीत, तरी ती वाट काढते.

उरली ती एक ओळ. तिच्यात 'आर्ग्युमेंट्स' या शब्दाच्या जागी 'आर्ग्युमेंट लिस्ट' असे शब्द आले होते. जीडीबी पडद्यावर जे वाक्य दाखवायचा त्यात आधी कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी होतं. कुणा व्याकरणाची चाड असलेल्या माणसाने ते वाक्य शुद्ध केलं. डीडीडी मात्र ते जुनं अशुद्ध वाक्यच वाचून त्यातून माहिती उचलत होता. एवढ्या ओळींतून यंत्राने बोट ठेवलं ते एका व्याकरणशुद्धीवर, आणि ते बरोबर होतं. कुठलाही माणूस ती ओळ नजरेखालून गेली असती तरी निरुपद्रवी म्हणून पुढे गेला असता.

आतापर्यंत आपण धरून चाललो की बिल्ड म्हणजे कमिटमधून निघालेली वस्तू. २२ मार्च २०१६ ला जगभरचे जावास्क्रिप्टचे बिल्ड एकाएकी तुटू लागले, आणि त्यांच्या 'चेंजेस' पानावर काहीच नव्हतं. कोड तोच, कमिट तोच, तरी लाल. लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमच्या सार्वजनिक साठ्यातून काढून घेतलं होतं. शब्दाच्या डावीकडे जागा भरणं, इतकंच ते करायचं. पण हजारो प्रकल्प कुठल्या ना कुठल्या मार्गाने त्याच्यावर टेकलेले होते. बदल झाला होता, पण ज्या साठ्यात आपण शोधत होतो त्याच्या बाहेर. आज प्रत्येक परक्या पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि हॅश 'लॉक फाइल'मध्ये लिहून ती कोडबरोबरच जमा करतात, म्हणजे बाहेरचा बदलही आपल्या इतिहासात एक ओळ होऊन येतो. जेन्किन्समध्ये याच जातीची एक जुनी सोय आहे, 'फिंगरप्रिंट'. घडवलेल्या फाइलचा एमडी-५ हॅश नोंदवून ठेवायचा, मग ती फाइल कोणत्या प्रकल्पाच्या कोणत्या बिल्डमध्ये जन्मली आणि पुढे कुठे कुठे वापरली गेली हे शोधता येतं. ग्राहकाच्या यंत्रावरची एखादी बेवारशी फाइल हातात घेऊन तिचा जन्मदाता बिल्ड सांगता येणं, ही सोय फार कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं.

त्याहून गंभीर प्रकार डिसेंबर २०२० मध्ये उघडकीला आला. सोलरविंड्स या कंपनीच्या ओरायन या उत्पादनात घुसखोरांनी चोरदरवाजा बसवला होता. तिच्या कोडच्या साठ्यात तो सापडत नव्हता. बिल्ड करणाऱ्या यंत्रावर सनस्पॉट नावाचा प्रोग्रॅम दबा धरून बसला होता. ओरायनचा बिल्ड सुरू झाला की तो एक सोर्स फाइल उचलून तिच्या जागी आपली ठेवायचा आणि बिल्ड संपला की मूळ फाइल परत जागेवर. बिल्ड तुटून कुणाला संशय येऊ नये म्हणून आधी मूळ फाइलचा हॅश तपासायचा, आणि आपल्या कोडमुळे इशाऱ्याची एखादी ओळ लॉगमध्ये उमटू नये याचीही काळजी घ्यायचा. कमिट स्वच्छ, बिल्ड हिरवा, कंपनीची सही खरी. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ती आवृत्ती पोचली.

२०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या दाबसाठवणीच्या लहानशा साधनाचं असंच झालं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या गठ्ठ्यात बिल्डच्या वेळी चालणारी एक फाइल होती, जी गिटमध्ये नव्हतीच. खरा विषारी भाग टेस्टच्या नमुना फाइलमध्ये, सगळ्यांसमोर गिटमध्येच दडवलेला. त्याला जागं करणारी ओळ तेवढी गठ्ठ्यात. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं. आपल्या यंत्रावर लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढं त्यांना खटकलं होतं आणि ते मागे लागले.

म्हणून आता प्रश्न उलट बाजूने विचारायचा प्रयत्न चालू आहे. त्याच कमिटमधून दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या यंत्रांवर बिल्ड केला तर शेवटच्या बिटापर्यंत तीच वस्तू निघेल का? निघत असेल तर कुणीही पुन्हा बिल्ड करून सनस्पॉटसारखा डाव पकडू शकतो. ऐकायला हे सोपं वाटतं, पण नेहमीच्या बिल्डमध्ये हे होत नाही. कुठे बिल्डची वेळ आत लिहिली जाते, कुठे यंत्राचं नाव, कुठे फोल्डरमधल्या फाइल डिस्कने ज्या क्रमाने दिल्या तो क्रम. डेबियनच्या स्वयंसेवकांनी २०१३ पासून ही एकेक गळती बुजवायला घेतली. वेळेसाठी त्यांनी एक ठराव रुजवला: बिल्डने भिंतीवरचं घड्याळ पाहायचं नाही, सोर्समध्ये शेवटचा बदल झाला ती वेळ घ्यायची. त्यांची तपासणी करणारी यंत्रं प्रत्येक पॅकेज दोनदा बिल्ड करतात आणि दुसऱ्या वेळी जे बदलता येईल ते मुद्दाम बदलतात: यंत्राचं नाव, वापरणाऱ्याचं नाव, भाषा, टाइम झोन, फोल्डरमधल्या फाइलचा क्रम, घड्याळ तर वर्षभराहून पुढे सरकवलेलं असतं. एवढं करूनही दोन्ही निकालांत एका बाइटचा फरक निघाला, तर 'डिफोस्कोप' नावाचं साधन ती पॅकेजं उलगडू लागतं. पॅकेजच्या आतला दाबलेला गठ्ठा, गठ्ठ्याच्या आतली दस्तऐवजाची फाइल, तिच्या आतला मजकूर, आणि मग दोन ओळी एकाखाली एक, एक उणे चिन्हाची, एक अधिक चिन्हाची. अनेकदा त्या ओळींत फक्त बिल्डची तारीख असते.